सुट्टीतले बदली कामगार

मे महिन्यात कारखान्यांतले कित्येक जुने कामगार गावी जातात आणि त्यांच्या जागी आपल्यासारखी महाविद्यालयीन मुले बदलीवर उभी राहतात. वर्षाची फी निघते, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण यंत्राची खोड ज्याला ठाऊक, नेमका तोच रजेवर असतो. “सोपं आहे, बघून शीक,” एवढ्यावर पोराला प्रेससमोर बसवतात.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २३ व्या कलमाने १८ वर्षांखालील मुलांबाबत बजावले होते, की धोका व खबरदारी पुरती समजावल्याखेरीज, आणि पुरेसे शिक्षण वा जाणत्याची देखरेख असल्याखेरीज त्यांना धोक्याच्या यंत्रावर लावू नये. ‘सावध राहा’ हा उपदेश त्यानंतरचा! पत्र्याखाली दुपारी घाम डोळ्यांत उतरतो, रात्री जागरण झालेले असते (सुट्टीच ना!), तेव्हा नुसता सावधपणा कुठवर पुरणार?

म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे, यंत्र बंद कसे करायचे? जाळी का काढली आहे? अडकलेला तुकडा काढताना आधी बटण बंद करावे. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल घरीच बरा. मुकादम ‘कॉलेजकुमार’ म्हणून हसेल. हसू दे. उत्तर मिळेपर्यंत यंत्राला हात लावू नये.