रोज ध्यान करा. पण गोळी बंद करू नका आणि गप्पही बसू नका

"रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसा, मिळाले त्याबद्दल आभार माना, आजार आपोआप पळून जातील." असे संदेश सकाळी सकाळी सगळ्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यातला पहिला सल्ला चांगला आहे. दुसरा त्याहून चांगला. तिसरे वाक्य मात्र साफ खोटे आहे. या तिसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवून बीपीची, शुगरची, फिटची किंवा मनाच्या आजाराची गोळी बंद केलेले रुग्ण दवाखान्यात येतात, आणि बहुधा उशिरा येतात.

माझे भांडण ध्यानाशी नाही. ध्यानाच्या नावावर जे खपवले जाते, त्याच्याशी आहे.

ध्यानाने नेमके काय होते?

शांत बसून श्वासाकडे लक्ष दिले की श्वास संथ होतो, नाडीचा वेग थोडा उतरतो आणि मनात काय चालले आहे ते आपल्याला दिसू लागते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत साडेतीन हजारांवर लोक होते. चिंता, उदासी आणि दुखणे यांत ध्यानाने काही प्रमाणात आराम पडतो, असे दिसले. पण औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरते, याचा पुरावा मिळाला नाही. हृदयविकाराबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हेच सांगितले: नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही. जोडीला, ऐवजी नाही.

कृतज्ञतेवरही अभ्यास झाले आहेत. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहून काढले. रोजच्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना बरे वाटलेच, शिवाय त्यांनी व्यायामही जास्त केल्याचे सांगितले. हे महत्त्वाचे आहे. खऱ्या कृतज्ञतेने माणूस नुसता सुखावत नाही, तो हातपाय हलवतो.

आपल्याच भागातली दोन उदाहरणे

गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक अनेकांनी वाचले आहे. गंमत अशी की वाचणाऱ्यांना त्यातले ध्यान आठवते आणि अँजिओप्लास्टी विसरायला होते! त्यांनी आधुनिक उपचार घेतले, आहार बदलला, व्यायाम आणि योगासने केली, आणि ध्यानही केले. यातले एकच उचलून बाकीचे सोडले, तर तो त्यांचा मार्ग राहत नाही. आणि त्यानंतर ते डोळे मिटून बसून राहिले नाहीत. गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम चालूच राहिले. बालमृत्यू त्याने किती घटले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाने वाचले.

दुसरे उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. चिमूर तालुक्यातले गोंदोडा त्यांची तपोभूमी मानली जाते. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या दिनक्रमात पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते. पण मधला दिवस कशासाठी? ग्रामगीता उघडा. गावाच्या स्वच्छतेवर आणि आरोग्यावर तिथे स्वतंत्र विवेचन आहे. ध्यानातून उठायचे ते झाडू हातात घेण्यासाठी!

'आभार मान' कोणाला सांगता?

सिकलसेलच्या कळांनी तळमळणाऱ्या मुलाला "जिवंत आहेस, देवाचे आभार मान" असे सांगणे ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. त्याचे तोंड बंद करणे आहे. त्याला वेदनाशामक हवे, पाणी हवे, वेळेवर तपासणी हवी, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित हवी. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून राबणाऱ्या बाईची कंबर दुखते, धाप लागते, ती महिनोन्‌महिने बोलत नाही, कारण "घरचे एवढे करतात, आणखी काय सांगू?" चंद्रपुरात धुळीने खोकणाऱ्याला कोणी म्हणते, "सकारात्मक राहा." दुखणे सांगणे म्हणजे कृतघ्नपणा नाही. ते सांगितल्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत.

आणि एक प्रश्न. ज्याला भरपूर मिळाले आहे, त्यालाच हा उपदेश आधी का करू नये?

मग रोज काय करायचे?

१. सकाळी उठल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी आणि पहिला खर्रा तोंडात टाकण्याआधी, दहा मिनिटे बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची किंवा खाट चालेल.

२. श्वासाकडे लक्ष द्या. मन भटकेल. ओढून न आणता परत आणा. भटकणे म्हणजे चुकणे नव्हे.

३. शेवटच्या दोन मिनिटांत एकाच माणसाला आठवा. भर पावसात नाला ओलांडून तापाचे रक्त तपासायला आलेली आशाताई आठवा. तिने नेमके काय केले, ते आठवा.

४. उठण्याआधी आजचे एक काम ठरवा. दुपारपर्यंत खर्रा नाही, अर्धा तास चालणे, राहिलेली शुगरची तपासणी, किंवा त्या आशाताईंना एक फोन. ताजी प्रेरणा म्हणतात ती हीच.

५. मग ठरलेली गोळी घ्या.

यासाठी पैसे लागत नाहीत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातले दहा दिवसांचे शिबिरही शुल्क न घेता चालते. मग हजारो रुपयांचे 'पॅकेज' कशासाठी? ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे किंवा होता, त्यांनी लांबच्या मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे. काहींचा त्रास अशा शिबिरात वाढतो.

छातीत दाब, थंडी वाजून ताप, सिकलसेल रुग्णाला धाप, अशा वेळी ध्यानाला बसू नका. १०८ ला फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला किंवा सरळ दवाखान्यात या.

ध्यान उद्यापासून सुरू करा. आणि पुढच्या तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. किती घेतल्या आणि किती उरल्या, ते आपण दोघे मिळून मोजू.