आंबिलीचं बिंदगं आणि कपाटातलं खापर

परवा एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जुनी जपानी मातीची भांडी पाहिली. चहाचे वाडगे, लोणच्याची असावी अशी एक बुटकी बरणी. जपानात १९२५ च्या सुमारास यानागी सोएत्सु आणि त्यांचे कुंभार मित्र हमादा शोजी व कावाई कांजिरो यांनी ‘मिंगेई’ म्हणजे लोककला हा शब्द घडवला. नाव नसलेल्या कारागिरानं रोजच्या वापरासाठी घडवलेलं भांडं सुंदर असतं, हे त्यांचं म्हणणं. १९३६ साली टोकिओत त्याचं संग्रहालयही उभं राहिलं. स्नेही रंगून सांगत होते. मला मात्र आमच्या धाराशिवच्या घरातला रांजण आठवत होता. फ्रीज आला त्या वर्षी तो मीच परसात काढून ठेवला, आणि पुढं तो फुटला तेव्हा कुणी हळहळलंही नाही. आई तेवढी म्हणाली, ‘‘तुझ्या आज्जीनं ठोकून-वाजवून घेतला होता रे.’’

आमच्या जिल्ह्याला हे शोभत नाही. तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. तेच प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत पावसानंतर खापरं उघडी पडत. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. मातीच्या मूर्ती, भांडी, मणी, हस्तिदंती बाहुली. आज ते सारं त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात तेरलाच आहे. वस्तू गावातच राहिल्या, हे मला त्या संग्रहाचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

आता माझी चोरी सांगतो. शाळेच्या सहलीत तेरच्या टेकाडावरून काळं, गुळगुळीत खापर मीही खिशात घातलं होतं. चाळीसएक वर्षं ते कपाटात आहे. कोणत्या टेकाडावरचं, किती खोलीवरचं, शेजारी काय होतं, काही सांगता येत नाही. जागेवर होतं तेव्हा त्याला काही बोलता आलं असतं. माझ्याकडे येऊन ते मुकं झालं. ते जपानी वाडगे पाहतानाही हाच प्रश्न मनात आला: हे कुणी केले, कोण यातून चहा पीत होतं?

यंदा येळवशीला शेतात आंबील न्यायला स्टीलचा डबा नको म्हणून कुंभारवाड्यात गेलो. म्हाताऱ्या कुंभारानं बिंदगं वाजवून दाखवलं. माती कुठली, आवा कधी लावला, नाव काय, असं मी वहीत लिहू लागलो, तसा तो हसला.

‘‘मडक्याचं काय लिवून घेताय मालक? बिगीनं जावा, आंबील आंबंल.’’