आधीं माप तपासा, मग मोजणी करा

मापावांचून व्यवहार चालत नाहीं, आणि माप खोटें असल्यास चाललेला व्यवहारहि बुडतो, हें शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. परंतु जी दक्षता आपण बाजारांत बाळगतों, ती विद्वानांच्या प्रयोगशाळेंत आपोआपच बाळगली जात असेल, असा आपला भोळा समज असतो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. हें दाखविण्यासाठीं कुत्र्याच्या रोगसंशोधनांतील एक विषय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कुत्रा हा आपल्या शेताचा राखणदार. पण शास्त्रज्ञांस तो आणखीहि एका कारणानें मोलाचा वाटतो. कर्करोग, यकृताचे विकार, आंतड्याची जुनाट सूज असे माणसास होणारे पुष्कळ रोग त्यासहि होतात. २००५ सालीं ताशा नांवाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध करण्यांत आला. तेव्हांपासून कोणत्या रोगांत कोणतें जनुक किती काम करितें, हें मोजण्याचा उद्योग पुष्कळच वाढला आहे.

हें मोजणें कसें चालतें, तें थोडक्यांत सांगतों. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत सर्व जनुकें असतात. तीं म्हणजे जणूं कचेरींतील मूळ दप्तर. त्यांपैकीं जें जनुक कामास लागतें, त्याच्या नकला निघतात. या नकलांस आर. एन. ए. म्हणतात. नकला जितक्या अधिक, तितकें त्या जनुकाचें काम अधिक, असें धरितात. यकृताचा वा कातडीचा लहानसा तुकडा घेऊन त्यांतील नकलांचें प्रथम डी. एन. ए. मध्यें रूपांतर करितात, आणि मग तो डी. एन. ए. यंत्रांत फेरीगणिक दुप्पट करीत नेतात. ठराविक खुणेपर्यंत पोंचण्यास किती फेऱ्या लागल्या, यावरून मुळांत नकला किती होत्या हें कळतें. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट, तीन फेऱ्यांचा म्हणजे आठपट. या रीतीस क्यू. पी. सी. आर. असें नांव आहे.

आतां अडचण अशी कीं, सर्व तुकडे सारखे नसतात. एक मोठा, एक लहान; एकांतील नकला शाबूत, तर दुसऱ्यांतील काढतां काढतांच तुटलेल्या. म्हणून निरोगी व रोगी अशा दोन्ही तुकड्यांत जें सारखेंच काम करितें, असें एखादें जनुक सोबत मोजतात, व त्याच्या तुलनेनें उत्तर काढतात. हेंच संदर्भ जनुक. साऱ्या हिशेबाचा पाया तोच.

पण हा पाया पक्का आहे, हें पाहिलें कोणीं? जी. ए. पी. डी. एच. किंवा बीटा-ॲक्टिन यांपैकीं एक जनुक घ्यावें, अशी वर्षानुवर्षांची वहिवाट पडून गेली होती. पहिलें साखरेपासून शक्ति काढण्याच्या कामीं येतें, दुसरें पेशीचा सांगाडा घडवितें. पेशीस दोन्ही सदैव लागणार, म्हणून तीं स्थिर असणार, असा तर्क. परंतु प्राणवायूची टंचाई पडली कीं पहिल्याचें काम वाढतें, आणि कर्करोगाच्या गांठींत ही टंचाई नेहमीं आढळते. पेशी वाढूं वा सरकूं लागली कीं दुसऱ्याचेंहि काम बदलूं शकतें. म्हणजे ज्या रोगाचा तपास करावयाचा, तोच रोग मापास हात घालतो!

आमची नोकरी महसूल खात्यांत झाली, म्हणून मोजणीचाच दाखला देतों. तेहतीस फुटांची साखळी वापरून वापरून ताणली, तर शेत कागदावर लहान भरतें. जमीन मात्र तसूभरहि कमी झालेली नसते. येथेंहि तसेंच. समजा, रोगी तुकड्यांत संदर्भ जनुकाचें काम दुप्पट झालें, आणि तपासावयाचें जनुक जसेंच्या तसें राहिलें. अहवालांत मात्र तें निम्म्यावर आलें असें लिहिलें जाईल. मग त्या न घडलेल्या घटीचें कारण शोधण्यांत आणि तिजवर औषध योजण्यांत पैसा, वर्षें व मुकीं जनावरें खर्चीं पडतील.

यावर उपाय निघाले आहेत. बेल्जममधील गेंट येथील संशोधकांनीं २००२ सालीं दहा जनुकें पारखून दाखविलें कीं, एकाच संदर्भ जनुकावर विसंबल्यानें मोठ्या चुका होतात. दोन जनुकें खरोखर स्थिर असतील, तर त्यांचें परस्परांशीं प्रमाण प्रत्येक नमुन्यांत तेंच राहिलें पाहिजे, ही त्यांची कसोटी. तींत उतरलेलीं किमान तीन जनुकें घेऊन त्यांचा भूमितीय मध्य धरावा, असें त्यांनीं सुचविलें. या कसोटींतहि एक उणीव आहे. एकाच हुकमानें चढणारीं-उतरणारीं दोन जनुकें तींत स्थिर भासतात. एकाच घरचे दोन साक्षीदार एकमेकांस दुजोरा देतात, तशांतला प्रकार. म्हणून निरनिराळ्या कामांचीं जनुकें निवडावीं लागतात. कुत्र्यापुरतें पाहिल्यास, हॉलंडमधील उट्रेख्ट येथें २००६ सालीं त्याचीं संदर्भ जनुकें निरनिराळ्या ऊतींत पारखण्याचें काम प्रसिद्ध झालें. २००९ सालीं शास्त्रज्ञांनीं या मोजणीचे नियमच प्रसिद्ध केले. एकच संदर्भ जनुक वापरावयाचें, तर त्याच्या स्थिरतेचा पुरावा द्यावा, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

कोणी म्हणेल, आजारी कुत्र्याच्या अंगांतून निघालेला तुकडा तो केवढासा. त्यांत दहा जनुकें पारखीत बसलें, तर मूळ काम केव्हां व्हावयाचें? ही अडचण खोटी नाहीं. परंतु नमुना थोडा, म्हणूनच तो चुकीच्या मापावर उधळणें परवडत नाहीं. थोडक्या नमुन्यांवर आधीं पारख करावी, व स्थिर ठरलेलीं दोन-तीन जनुकें पुढील कामास घ्यावीं. मात्र यकृतांत खरें ठरलेलें जनुक आंतड्यांतहि खरें ठरेलच, असें धरून चालूं नये. शेत बदललें कीं हद्दीच्या खुणा पुन्हां पहाव्या लागतात.

आमच्या वाचकांचा यांत संबंध काय, असें कोणी विचारील. गाईच्या कासदाहापासून पिकाच्या करप्यापर्यंत हल्लींचें पुष्कळ संशोधन याच रीतीनें चालतें, आणि त्याच्याच आधारें उद्यां आपल्या दारीं औषधें व बियाणीं येणार. म्हणून आमचें मत असें कीं, संदर्भ जनुकें कोणतीं, किती, आणि कोणत्या पारखीनें निवडलीं, याचा खुलासा ज्या अहवालांत नाहीं, तो कितीहि मोठ्या नांवाचा असला तरी प्रमाण मानूं नये. आपली संस्था जेव्हां एखाद्या तज्ज्ञास व्याख्यानास बोलावील, तेव्हां सभासदांनीं नम्रतेनें हा प्रश्न अवश्य विचारावा. ज्यानें माप तपासलें आहे, त्यास या प्रश्नाचा राग येणार नाहीं.