लिंग म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे
माझ्या सांगलीच्या दवाखान्यात तरुण मुलं दार लागल्यावरच विचारतात, ‘डॉक्टर, व्यायामानं वाढेल ना?’ मी स्पष्ट सांगतो, नाही. व्यायामानं स्नायू वाढतात. लिंगात मुख्यतः रक्तानं भरणारी ऊती असते. हातानं ओढण्या-पिळण्याच्या प्रकारांना भक्कम चाचण्यांचा आधार नाही. सूज, वेदना, वाकडेपणाचा धोका मात्र आहे. महिनोन्‌महिने रोज तासन्‌तास लावायच्या ताण-उपकरणांचा लाभही छोट्या अभ्यासांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचं एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं; त्यात ताठ अवस्थेतल्या लांबीची सरासरी सुमारे १३ सेंटीमीटर निघाली. येणारे बहुतेक जण याच्या आसपासच असतात. औषध नियमांतलं ‘शेड्यूल जे’ आकारवाढीचे दावे करू देत नाही, तरी भिंतींवर जाहिराती झळकतात. प्रशासनानं त्या हटवाव्यात आणि शाळांनी मुलांना शरीराची खरी माहिती द्यावी.