सहलीची गाडी विद्यापीठापर्यंत न्या

शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरला निघाली की ठिकाणं ठरलेली असतात. वेरूळ, देवगिरी किल्ला, पाणचक्की, बीबी का मकबरा. मकबऱ्याबाहेर मुलं भेळ खातात, हजेरी होते आणि गाडी गावाकडे वळते. तिथून विद्यापीठ अगदी जवळ आहे, पण त्याचं नाव यादीत नसतं. अंबड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी इतिहास शिकवते. गाडी तिथवर न्यायचीच, हा माझा हट्ट असतो.

मिलिंद चौकातून गेलं की आधी नागसेनवन लागतं. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे दूरचं हैदराबाद. ती राजवट संपून दोन वर्षं होत नाहीत तोच, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथं महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आलं, २३ ऑगस्ट १९५८ रोजी. आधी कोण आलं आणि मागून काय आलं, हा क्रम मुलांच्या मनात पक्का बसला पाहिजे.

मग विद्यापीठ गेट. इथं मी सगळ्यांना खाली उतरवते. या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळलं. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी नांदेडमध्ये आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. त्या तारखेला दरवर्षी गावोगावची माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, या गेटपाशी येऊन माथा टेकवतात. शिक्षणसंस्थेच्या दारात लोक असे डोकं ठेवतात, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ‘मॅडम, नुसत्या नावासाठी घरं का जाळली?’ असं एका मुलीने विचारलं होतं. जातीमुळे, असं मी सांगितलं. आठवीतल्या मुलीला हे उत्तर पेलतं. ते टाळणारा शिक्षक तिचा अपमान करतो.

आत ७०० एकरांहून मोठा परिसर आहे. डोंगराच्या कुशीत सोनेरी महाल. सतराव्या शतकात बुंदेला सरदार पहाडसिंगाने तो बांधला आणि शेजारची पहाडसिंगपुरा वस्ती आजही त्याचं नाव सांगते. तिथं आणि बेगमपुऱ्यात आता बीड, जालना, धाराशिवकडची मुलं खोल्या करून राहतात, मेसचा डबा लावतात, रात्री अभ्यासिकेत बसतात. आमच्या मुलांना मी तिथली एखादी गल्लीसुद्धा दाखवते. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दाराशी सायकल, आत भिंतीला लावलेलं वेळापत्रक. आपल्यासारख्याच घरातून आलेला दादा इथं राहून एम.ए. करतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘विद्यापीठ’ हा पुस्तकातला शब्द उरत नाही. वर डोंगरात बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्यातलं नृत्यशिल्प आणि भोवतीच्या वादक स्त्रिया पाहायला चढण सोसावी लागते, पण मुलं कुरकुरत नाहीत.

ऐपत नसल्यामुळे मुलं शिकत नाहीत, हे खरंच आहे. पण विद्यापीठ आपल्यासाठी आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि हे अज्ञान दूर करायला पैसे लागत नाहीत. लोकांच्या करातून उभी राहिलेली ही जागा आहे.

म्हणून दोन विनंत्या. विद्यापीठाने सहलींच्या हंगामात आठवड्यातली एक सकाळ शाळांसाठी राखावी. ग्रंथालय, एखादी प्रयोगशाळा, नाट्यशास्त्र विभागाची तालीम दाखवावी, आणि दाखवणारे तिथलेच, खेड्यातून आलेले विद्यार्थी असावेत. आणि मराठवाड्यातल्या माझ्या शिक्षक भावाबहिणींनो, यंदा मकबऱ्यावरून गाडी लगेच परत फिरवू नका. पुढे न्या आणि गेटपाशी मुलांना खाली उतरवा.