कोरड्या डोळ्यांचा हिशेब

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर वारा तोंडावर येतो आणि डोळ्यांना धार लागते. डोळ्यांत एवढे पाणी, मग ते कोरडे कसे? मेख इथेच आहे.

बुबुळावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यावर पापण्यांतून येणाऱ्या तेलाचा तवंग. तेल कमी पडले की पाणी उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि घाईने आणखी पाणी सोडतो. तेही टिकत नाही. मच्छीमाराचा डोळा ऊन-वाऱ्याने सुकतो; शहरातल्या त्याच्या मुलाचा, संगणकापुढे पापणी मिटायची विसरल्याने.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला, ते योग्यच होते. मात्र जे दुखणे सहसा आंधळे करीत नाही, ते हिशेबात येत नाही. आम्ही बँकवाले जाणतो, खात्यावर न चढलेली रक्कमच शेवटी बुडते. रुग्ण दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतो. त्यात स्टिरॉइड असले तर आराम पडतो. पण महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांत दिघी आहे. कारखान्यांबरोबर धूळ येईल, वातानुकूलित कचेऱ्याही येतील. त्या आराखड्यात डोळे तपासणाऱ्याची एक जागा महाग नाही. तोवर आपण एवढे करावे : कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पापण्या शेकाव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेंब घालू नयेत.