ॲम्प्लिफायरची बटणे ओळखा

घरातली मुले गिटार शिकू लागली की आज ना उद्या ॲम्प्लिफायर येतोच. मग सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली जातात. म्हणून पालकांनीही एवढे समजून घ्यावे.

व्हॉल्यूम ५ वरून १० वर नेला म्हणजे आवाज दुप्पट होतो, असे नाही. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० पट शक्ती लागते. व्हॉल्व्हच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरमध्ये अर्ध्या फेऱ्यानंतर आवाज फारसा वाढत नाही, तो फाटू लागतो. जिथे गेन आणि मास्टर अशी दोन बटणे असतात, तिथे गेनने सूर किती फाटवायचा ते ठरते आणि मास्टरने बाहेर किती सोडायचा ते. घर लहान असेल तर मास्टर कमीच ठेवावा.

बास, मिडल, ट्रेबल ही टोनची बटणे. फेंडरच्या बासमनमधील त्यांची रचना लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली तयार झालेल्या ॲम्प्लिफायरने उचलली. ही रचना सुरात भर घालत नाही, वजाबाकी करते. तिन्ही बटणे शून्यावर नेली तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून तिन्ही मध्यावर ठेवून सुरुवात करावी आणि कानाला खुपेल ते कमी करावे.

ॲम्प्लिफायर जमिनीवर आणि वाजवणारा उभा असेल तर त्याला ट्रेबल कमी ऐकू येतो. समोर बसलेल्यांच्या कानात मात्र तो घुसतो. तेव्हा एकदा समोर बसून ऐकावे. वाजवल्यानंतर कानात शिटी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला असे समजावे. गेलेले ऐकणे परत येत नाही, हे मुलांना आजच सांगा.